फिरत्या स्टेजवरचा समुद्र

ड्रिपच्या दुकानात एक पेटी असतेच. कोणत्याच मापाला न बसणारे सुटे जोड तिच्यात पडत जातात. एल्बो, टी, एन्ड कॅप, कुठला तरी जुना कॉक. कोणी मागत नाही आणि आपल्याला टाकवत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. देऊळगाव राजाच्या बसस्टँडजवळ इतकी वर्षं दुकान मांडून बसलोय, काउंटरपुढं प्लास्टिकच्या दोन खुर्च्या ठेवल्यात. त्यांवर कोणी ना कोणी येऊन बसतं, काहीतरी बोलून जातं, पेटी भरत राहते.

हल्ली मात्र लोक एकाच जोडासाठी येतात. "शेठ, तुम्ही म्हणे गावात समुद्र आणला होता?"

आता समुद्र आपल्यापासून कुठं! जालना गाठा, रेल्वेत रात्र काढा, तरी घाट उतरायचाच राहतो. पण आणला होता हे खरं. आम्ही तिघांनी आणि एका पोरीनं. कोणी काही सांगतं, कोणी काही. म्हणून एकदा नीटच सांगून टाकतो.

* * *

गौतमराव म्हणजे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. सकाळचा पेपर ते माझ्या दुकानात वाचतात. त्यांची मुलगी सुजाता समुद्राचं शिकली, किनाऱ्यावरच्या एका संस्थेत डॉक्टरेट केली. सुट्टीवर आली होती. एक दिवस दुकानात येऊन म्हणाली, "काका, ड्रिपच्या नळ्या पाहिजेत. बारीकातल्या बारीक."

आपली जीभ सवयीची. मी विचारलं, "कोणतं पीक?"

"पीक नाही काका. समुद्र."

"बरं. एकर किती?"

पेपरमागून गौतमराव म्हणाले, "शेठ, तिचा समुद्र परातीएवढा आहे. कोरडवाहू धरा."

गंमत तिथं संपली. मागच्या वर्षी सुजातानं एका जहाजासाठी मुलाखत दिली होती. संशोधनाचं जहाज, समुद्रात मधोमध थांबून खोल पाणी मोजणारं. नव्या शास्त्रज्ञासाठी त्यावर एकच जागा. मुलाखतीत तिला म्हणाले, तुमचं काम चांगलं आहे, पण सगळं कॉम्प्युटरवर. पाणी खरंच असं वागतं, हे तुम्ही कुठं पाहिलंय का? जागा दुसऱ्याला गेली. समुद्रावर डॉक्टरेट केलेली पोरगी आणि जहाजावर कधी पाऊल ठेवलेलं नाही.

यंदा तेच जहाज, तीच एक जागा, मुलाखत मोबाइलवर. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

"या वेळी मी सांगणार नाही," सुजाता म्हणाली. "दाखवणार."

मी नळ्यांचं बंडल काढलं.

* * *

दाखवायचं काय, ते आधी आम्हाला कळायला पाहिजे ना. तिनं माझ्या काउंटरवर बोटानं काढून सांगितलं. एक समुद्र, चारी बाजूंनी जमिनीनं आणि बेटांनी वेढलेला. महासागराकडं जायला खोल असं एकच दार. त्या दारातून वरचं पाणी आत येतं. त्याच्याखालचं, मधलं पाणी बाहेर जातं. आणि अगदी तळाचं पाणी पुन्हा आत येतं. तिन्ही एकाच दारातून, एकावर एक, एकाच वेळी. मिसळत का नाहीत? तर खालचं जास्त थंड, जास्त खारट, म्हणून जड. आणि आत गेल्यावर वरचा थर एका बाजूनं गोल फिरतो, मधला त्याच्या उलट, आणि तळाचा पुन्हा वरच्यासारखा.

गौतमरावांनी पेपर खाली ठेवला. आयुष्य बसच्या दारात गेलेला माणूस.

"एकाच दारातून चढणारे, उतरणारे, आणि त्यांच्या पायाखालून पुन्हा चढणारे?"

"हो बाबा."

"अन् धक्काबुक्की नाही?"

"नाही."

"मग ते पाणी आपल्या डेपोचं नाही," असं म्हणून त्यांनी पेपर पुन्हा उचलला.

* * *

टाकीसाठी मी दुकानाच्या शोकेसची काच काढून दिली. बायको म्हणाली, "लोक काचेतून समुद्र बघायला जातात. तुम्ही समुद्रापायी काच काढली." तिनं ते सगळ्या गल्लीत सांगितलं, पण चहाचा थर्मास रोज भरून पाठवत होती, हेही सांगितलं पाहिजे.

टाकी चौकोनी. आत पारदर्शक प्लास्टिकचं गोल कडं, तो समुद्राचा किनारा. कड्याला एक उभी फट, ते दार. काचा जोडायचं काम मी अंगावर घेतलं. तालुक्यातले निम्मे पाइप मी जोडलेत. पाइपाचं सोल्युशन घेतलं, चारी कोपऱ्यांना दाबून लावलं आणि ऐटीत म्हणालो, "भर पाणी. पिढ्यान् पिढ्या गळणार नाही."

सुजातानं पाणी भरलं. टाकी चारी कोपऱ्यांतून एकदम गळायला लागली. प्लास्टिकचं सोल्युशन काचेला धरत नाही, हे ज्या माणसानं गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलंय, तोच मी.

गौतमराव पाय वर घेऊन खुर्चीत बसले. "शेठ, समुद्र आला. आता थरांचं बघा."

मग काचवाल्याकडून सिलिकॉन आणलं आणि सुजातानं स्वतः लावलं. माझ्याकडं नळ्या धरायचं काम दिलं.

* * *

टाकी गौतमरावांच्या ओसरीवर नेली. थर लावायचं काम फार नाजूक. कमी मिठाचं पाणी निळं, मधलं लाल, सगळ्यात खारट पिवळं. निळं आधी भरायचं, मग त्याच्याखालून लाल, लालच्या खालून पिवळं. ड्रिपनं, थेंब थेंब. घाई केली की सगळं एक होऊन जातं. सुजाता सकाळी बसली, ती दुपारपर्यंत हलली नाही. तीन रंगांचे तीन पट्टे, मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी. मी इतकं सुंदर पाणी पाहिलेलं नाही.

ती जेवायला आत गेली. गौतमराव टाकीपाशी राखणीला.

ती परत आली, तर टाकीत जांभळट मातकट एकच रंग. गौतमरावांच्या हातात डाव.

"बाबा..."

"अगं, मीठ सगळं खालीच बसलं होतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी चांगलं ढवळून दिलं. आता सारखं झालं."

पोरीनं बादली ओढून टाकी उपसायला घेतली. नंतर वळून एवढंच म्हणाली, "बाबा, डाव आईजवळ द्या. आणि तुम्हीही तिच्याजवळच बसा."

* * *

थर लावणं जमलं. आता टाकी फिरवायला पाहिजे. कारण पृथ्वी फिरते, आणि समुद्राचं गोल वळणं त्या फिरण्यामुळंच आहे. पण फिरवायची कशी, तर एकसारखी, संथ, हिसका न बसता, भरल्या टाकीचं ओझं घेऊन. संस्थेत म्हणे त्यासाठी खास यंत्र असतं. आमच्याकडं गजूभाऊ होता.

गजू मंडपवाला मूळचा घाटाखालचा, सोनाळ्याचा. इथं येऊन त्यानं मंडपाचा धंदा उभा केला, आणि सगळ्या तालुक्यात पहिला फिरता स्टेज त्यानं आणला. नवरा-नवरी हार घालतात, स्टेज हळूहळू फिरतो, चारी बाजूंच्या पाहुण्यांना दर्शन होतं.

सुजातानं विचारलं, "गजूकाका, तुमचा स्टेज किती हळू फिरतो?"

"एकदम हळू," गजू म्हणाला. "पयले जोरात फिरे. एका नवरदेवाले चक्कर आली, त्यानं हार नवरीच्या मामाच्या गळ्यात टाकला. तेव्हापासून मी स्पीड बांधून टाकला."

सुजातानं मोबाइलवर वेळ लावून पाहिला. तिला पाहिजे होता जवळपास तोच वेग.

मग तिनं स्टेजवर लेव्हल ठेवली. बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला. "काका, हा कलता आहे."

गजूला ते लागलं. "इतकी लग्नं लागली याच्यावर. एका तरी नवऱ्यानं लेव्हल पायली काय?"

"नवऱ्याला कुठं सुचतंय," गौतमराव म्हणाले. "पाण्याला सुचतं."

 दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या गोडाउनवर गेलो, तर हा माणूस पोटावर झोपून स्टेजखाली लाकडाच्या पाचरी ठोकत होता.

* * *

आता खरी कसोटी. टाकी स्टेजवर, थर तिथंच नव्यानं लावलेले, पाण्याचे कॅन स्टेजवरच स्टँडला बांधलेले, नळ्या फटीपाशी सोडलेल्या. वरून आणि तळातून पाणी आत, मधून बाहेर बादलीत. रोपाला पाणी सोडतात तसं तिनं एकेक कॉक उघडला. गजूनं बटन दाबलं. स्टेज फिरायला लागला. बऱ्याच वेळानं रंगाच्या रेघा वळल्या. वरची एका बाजूला, मधली दुसऱ्या बाजूला!

मी टाळी वाजवणार तेवढ्यात सुजाता म्हणाली, "हे उलटं आहे."

"उलटंच पाहिजे होतं ना? एक असं, एक तसं."

"हो, पण वरचं डावीकडून फिरायला पाहिजे, ते उजवीकडून फिरतंय. मधलंही तसंच. सगळाच समुद्र उलटा झालाय." ती टाकीभोवती फिरली, नळ्या तपासल्या, डोक्याला हात लावून बसली. मग तिनं हळूच वर पाहिलं. "गजूकाका, हा स्टेज कुठल्या बाजूनं फिरतो?"

"कुठल्या म्हणजे? प्रदक्षिणेच्या बाजूनं. लग्नाचा स्टेज हाय तो."

"पृथ्वी याच्या उलट फिरते काका. वरून, उत्तरेकडून पाहिलं तर. मला तसा फिरवून पाहिजे."

गजूनं बटनावर हात ठेवला, जसा काही कोणी ते हिसकून नेणार होता. "ते होणार नाही. लग्नाचा स्टेज उलटा फिरवला अन् कोणी पायलं, तर पुढच्या सीझनले मी काय अंत्ययात्रेचे मंडप लावू?"

मी व्यापारी माणूस. माल उलटा आला तर गिऱ्हाईक बदलून पाहतो. म्हणालो, "पोरी, पृथ्वीच्या खालच्या अंगाला सगळं उलटं फिरत असेल ना? मग सांग त्यांना, हा दक्षिणेकडचा समुद्र आहे."

"काका, माझा समुद्र उत्तरेचा आहे."

"त्यांना काय कळतंय."

"त्यांनाच कळतं," ती म्हणाली.

 गजू बटनापाशी, सुजाता टाकीपाशी, कोणी हलेना. मुलाखत परवावर आलेली. शेवटी गौतमराव उठले. कंडक्टरकीत रोज भांडणं मिटवलेली, आवाज कधी चढत नाही.

"गजू, पृथ्वी रोज त्याच बाजूनं फिरते?"

"ही पोरगी म्हणते तर फिरत असंन."

"तुझे सगळे मंडप तिच्यावरच उभे राहिले ना? किती संसार मोडले?"

गजूनं बटनावरचा हात काढला. मग म्हणाला, "तिनं आधी सांगायले पाहिजे होतं."

कोणी, पृथ्वीनं की सुजातानं, ते आम्ही विचारलं नाही. त्यानं पान्हा काढला आणि मोटरच्या वायरी बदलल्या. पण त्याआधी स्टेजमागची 'शुभविवाह'ची पाटी त्यानं चादरीनं झाकली. "तिले दिसू नाही," म्हणाला.

* * *

त्या संध्याकाळी समुद्र सरळ फिरला. वरचा निळा डावीकडून, तळाचा पिवळा त्याच्याच बाजूनं, आणि दोघांच्या मधून लाल, दोघांना न जुमानता, उलटा. वर निळ्याशी भांडण नाही, खाली पिवळ्याशी भांडण नाही. गजू स्टेजवर वाकून नाक काचेला लावून स्टेजबरोबर फिरत होता. एवढंच म्हणत होता, "मधला पाय ना बे, मधला पाय." कोणाला बे म्हणत होता कोण जाणे. तिथं सगळे त्याच्याहून वयानं किंवा शिक्षणानं मोठे होते.

दुसऱ्या दिवशी बातमी बाजारात गेली. गोडाउनवर लोक यायला लागले. एकानं मला विचारलं, "शेठ, समुद्र कितीले देता?" मी म्हणालो, "फिटिंगसहित सांगू की सुटा?" दुसऱ्यानं सुजाताला विचारलं, "याच्यानं पाऊस कधी येणार ते कळते काय?" ती खोटं बोलणारी नाही. म्हणाली, "यानं नाही कळत. पण समुद्र खालून कधी बदलतो, ते कळायला पाहिजे. कारण तो कायम असाच फिरत नाही."

आणि तिनं तळाचा कॉक निम्मा बंद केला.

आम्ही वाट पाहत राहिलो. हळूहळू मधला लाल मंदावला, एका जागी रेंगाळायला लागला. वरचा निळा मात्र काहीच झालं नाही अशा थाटात फिरत होता.

"हे माझं काम आहे," ती म्हणाली. "वर सगळं ठीक दिसतं. उपग्रहालाही वरचंच दिसतं. खाली काय बदललं ते बघायला जहाजावरून दोर सोडून यंत्र खोल उतरवावं लागतं. म्हणून मला जायचंय."

मला ते एका क्षणात पटलं. दुकानाचंच बघा. मागच्या दारानं माल यायचा थांबला, तरी पुढच्या दारात गर्दी तशीच दिसते. रस्त्यावरून पाहणारा म्हणतो, शेठचं जोरात चाललंय. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जातंय, ते आत आल्याशिवाय कळत नाही.

* * *

आता मुलाखतीचं.

मोबाइल कुठं बांधायचा? सुजाता म्हणाली, स्टेजवरच. कॅमेरा टाकीबरोबर फिरला, तरच पाण्याचं वळण दिसतं. तिनं टाकीसमोर स्टँड लावला, मोबाइल बसवला, स्वतः स्टेजवर स्टुलावर बसली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्ही सगळे शांत उभे राहा. कोणी मध्ये यायचं नाही."

आम्ही स्टेजभोवती शांत उभे राहिलो. पण शांत उभे राहिलो तरी काय, कॅमेरा फिरत होता! पलीकडच्या मंडळींना टाकी स्थिर दिसत होती आणि मागं सगळं गोडाउन फिरत होतं. पत्रे, रंगीत कापडांचे गठ्ठे, चादरीनं झाकलेली पाटी, मी, गजू आणि गौतमराव. पुन्हा पत्रे, गठ्ठे, पाटी.

गौतमराव शिष्टाचाराचा माणूस. कॅमेरा समोर आला की हात जोडायचे. कॅमेरा पुढं गेला की हात खाली. पुन्हा आला की पुन्हा नमस्कार.

सुजाताला ते दिसत नव्हतं. ती टाकीकडं तोंड करून सांगत होती. इंग्रजीत, पण कॉक कधी उघडते, कधी लावते, ते आम्हाला पाठ होतं. समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या.  एका साहेबांनी विचारलं, "हे मधल्या थराचं खरंच घडतं का, की नळीनं ओढल्यामुळं दिसतंय?" तिनं नळीचं तोंड बाजूला वळवलं, थांबून राहिली. लाल रेघ तशीच उलटी फिरत राहिली. साहेबांनी मान हलवली. मग तिनं तळाचा कॉक अर्धा लावला. मधला मंदावला, वरचा तसाच. पलीकडं सगळे पुढं सरकून बघायला लागले. कोणीतरी म्हणालं, "एकदा पुन्हा." तिनं पुन्हा दाखवलं.

त्या बाई मग मराठीत बोलल्या. हेल कोकणातला. "सुजाता, मला एक विचारायचंय. मागून ते एक गृहस्थ सारखे जातात आणि प्रत्येक वेळी मला नमस्कार करतात. ते तुमच्या प्रयोगाचा भाग आहेत का?"

सुजातानं मागं वळून पाहिलं.  "मॅडम... ते माझे बाबा आहेत. सॉरी. बाबा, तुम्ही..."

"नाही, नाही, राहू द्या," बाई म्हणाल्या. चष्मा काढून पुसला. बाजूच्या साहेबांकडं पाहिलं, त्यांनी मान डोलावली. "फक्त त्यांना एक सांगून ठेवा. आमचं जहाज धक्क्यावरून एकदाच निघतं, असं फिरून फिरून परत येत नाही. तुम्हाला पोचवायला येतील, तेव्हा नमस्कार एकदाच पुरे."

 मला कळायला वेळ लागला. गौतमरावांना माझ्या आधी कळलं होतं, कारण त्यांचे हात जोडलेले होते आणि कॅमेरा तर केव्हाच पुढं निघून गेला होता.

फिरत फिरत तो गजूपाशी आला. गजूचा एक हात खांबावरच्या दोरीवर होता. दोरी वर छताशी गेलेली, आणि तिथं बरोबर स्टेजच्या डोक्यावर फुलांची जाळी टांगलेली, गच्च भरलेली. ती त्यानं कधी बांधली, आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"म्याडम," गजू म्हणाला, "मग आता फुलं पाडू काय?"

सुजाता ओरडली, "काका, नको, पाण्यात पडतील!"

बाई पलीकडं त्यांच्या कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या. चेहरा सगळ्या स्क्रीनभर झाला.

"पाडा," त्या म्हणाल्या. "वरचा थर कुठं जातो ते अजून छान दिसेल."